गुडघ्यात सुया आणि तोंडात ‘नो मॅडम’

आमचे दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, हवालदार सयाजी, रिटायर्ड. ह्या माणसाला आयुष्यात कधी काही झालेलं नाही. हे मी म्हणत नाही, ते म्हणतात. ताप आला तर म्हणणार, उन्हातनं आलोय. खोकला आला तर कालवणात मिरची जास्त झाली. एकदा मोटारसायकलवरनं पडले, पॅन्ट गुडघ्यावर फाटली, रक्त आलं, तर उठून आधी गाडीचा आरसा वाकलाय का ते बघितलं. ‘तब्येत काय म्हणतीय?’ असं कुणी विचारलं की छाती पुढं येणार, मिशी वर जाणार आणि उत्तर एकच, ‘फिट!’ ते इतक्या जोरात म्हणतात की विचारणारा दचकतो.

मी ज्योतिबा. साताऱ्यात माझं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान आहे. आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं, शिराळा. लीलाअक्काला दिली ती इकडं साताऱ्याजवळ, फौजींच्या गावात. तिथं पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी रेजिमेंट विचारतात. मी सांगतो, ‘ताडपत्री.’ दाजींना ते अजिबात खपत नाही. तसा मीही तरुणपणी भरतीला गेलो होतो, पण तळवे सपाट निघाले आणि डॉक्टरनं दारातनंच परत धाडलं. तेव्हापासून चारचौघांत दाजी माझी ओळख करून देतात ती अशी, ‘ह्यो आमचा मेव्हणा. अनफिट हाय.’ आता बहिणीचा नवरा पडला, ऐकून घ्यायचं.

रिटायर होऊन आल्यावर दाजी गप्प बसतील तर शपथ. गावाबाहेरच्या माळावर भरतीला जाणारी पोरं पळवायला लागले. फी घेत नाहीत, शिव्या मात्र पोटभर देतात. पोरं त्यांना उस्ताद म्हणतात. पळणं, उड्या, बैठका झाल्या की शेवटी मेडिकलचा सराव. पोरांना ओळीत उभं करायचं आणि दाजींनी स्वतः डॉक्टर व्हायचं.

‘कोई तकलीफ?’

‘नो सर!’

‘कहीं दर्द?’

‘नो सर!’

‘आई-बाप ओळखतात का तुला?’

‘नो सर!’

असला एखादा प्रश्न मुद्दाम मध्ये सारतात, पोरगं विचार करायला थांबतंय का ते बघायला. थांबलं की बैठका. त्यांचं म्हणणं, मेडिकलला डोकं चालवायचं नसतं. नोकरीत दर मेडिकलला ते स्वतः असेच पास झाले, एकदा तर मुरगळलेल्या पायावर ताठ उभं राहून. हा किस्सा मी इतक्या वेळा ऐकलाय की कुठल्या वाक्याला ते मिशीला हात लावणार हेही मला ठाऊक आहे.

तर हा असा माणूस मागच्या श्रावणात माळावर शिट्टी तोंडात असतानाच मटकन खाली बसला. पोरांना वाटलं, उस्ताद बुटाची नाडी बांधतायत. मी आणि अक्कानं त्यांना गाडीत घालून पुण्याला नेलं. हृदयाचे ठोके कमी पडत होते. तिथल्या डॉक्टरांनी डाव्या खांद्याच्या आतल्या बाजूला, कातडीखाली, काडेपेटीएवढी मशीन बसवली. पेसमेकर म्हणतात तिला. ठोका चुकला की ती आतनं ढोसते. सुट्टी देताना डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून बजावलं, की अंगाला करंट लावायची कुठलीही मशीन ह्यांना चालायची नाही, आणि कुठंही उपचाराला गेलात तर पहिलं तोंड उघडून हे सांगायचं. दाजी म्हणाले, ‘येस सर!’

गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य काय, तर ‘ही गोष्ट गावात कळता कामा न्हाई.’

‘आवं, पण का?’ अक्कानं विचारलं.

‘पोरं म्हणतील, उस्ताद बॅटरीवर चालतोय.’

झालं. गावात सांगितलं, पेन्शनच्या कामाला पुण्याला गेलतो, साहेब लोकांनी ठेवून घेतलं. आयुष्यभर अंगणातल्या नळावर उघड्यानं आंघोळ करणारा माणूस बाथरूमची कडी लावून आंघोळ करायला लागला. शेजारची म्हातारी अक्काला म्हणाली, ‘म्हातारपणी लाजायला लागला की गं तुझा नवरा.’ उकाड्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावून हिंडायचे. मला हसू यायचं आणि अक्काच्या जिवाला घोर लागलेला.

पुढं गुडघा धरला. उजवा. दाजी लंगडायचे आणि म्हणायचे, बूट चावतोय. अनवाणी असताना लंगडायचे तेव्हा काय म्हणायचं ते त्यांना सुचत नव्हतं. तेवढ्यात साताऱ्यात माजी सैनिकांसाठी सुईच्या उपचाराचं शिबिर निघालं. ॲक्युपंक्चर. सांगलीच्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम येणार होत्या, बाई रीतसर शिकलेली, नाव चांगलं. गोळी नाही, ऑपरेशन नाही, दवाखान्याची पायरी नाही. दाजींना पटलं.

निघताना अक्कानं मला चुलीपाशी ओढलं. ‘हे काय तिथं सांगायचे न्हाईत. तू सांग. तुला माझी शपथ हाय.’ गाडीत बसलो तर दाजी म्हणाले, ‘तिथं तोंड उघडलंस तर तुझा-माझा संबंध संपला. दिवाळीलाबी यायचं न्हाई.’ म्हणजे इकडून तिकडून माझंच मरण. मी मनाशी म्हटलं, नुसत्या सुयाच तर आहेत, सुईनं मशीनला काय होणार आहे. बघू तिथं गेल्यावर.

हॉलवर पोचलो आणि बघतो तर काय, सगळे म्हातारे घोटून दाढी केलेले, बुटांना पॉलिश, आणि एका ओळीत उभे. सुईचा उपचार असला तरी डॉक्टर म्हटल्यावर ह्यांच्या दृष्टीनं ते मेडिकलच. मॅडमनी आधी निरोप धाडला होता की सगळ्यांनी पोटाला काहीतरी खाऊन या. पण मेडिकलला उपाशीपोटी जायचं असतं हे ह्यांच्या हाडीमासी भिनलेलं. एकानंही सकाळपासून चहाचा घोट घेतला नव्हता. मला हे माहीत असतं तर मी निदान भजी बांधून नेली असती.

मॅडम तिशीतल्या, बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी आधी सगळं समजावून सांगितलं. प्रत्येकाला नवी सुई, तुमच्या समोर पाकीट फोडीन. वापरलेली सुई त्या जाड डब्यात जाईल, पुन्हा कुणाला लागणार नाही, कारण एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर कावीळ जाते, त्याहून वाईटही काही जातं. थोडं रक्त येईल, काळंनिळं होईल, एखाद्याला गरगरेल. ‘आणि कुणी छातीत किंवा पाठीत खोल सुई घालतो म्हणाला तर उठून चालायला लागा. आत फुप्फुस असतं.’

ओळीतनं नानासो म्हणून एकजण म्हणाले, ‘मॅडम, आमच्या टायमाला एकच सुई उकळून समद्या कंपनीला टोचायची.’

‘म्हणूनच मी तुमच्या टायमाला नव्हते काका,’ मॅडम म्हणाल्या. ‘आता नीट ऐका. मी जे विचारीन त्याचं खरं उत्तर द्यायचं. साखर, रक्त पातळ व्हायची गोळी, आकडी, छातीत बसवलेली मशीन. हे मेडिकल बोर्ड नाही. इथं पास-नापास काही नाही. कळलं?’

‘येस मॅडम!’ सगळा हॉल एका आवाजात.

आणि मग सुरू झालं. पहिले कॅप्टनसाहेब, उदयसिंह. वय पंच्याहत्तरीच्या पुढं, सगळ्यांत सीनियर. साखर? ‘नो मॅडम!’ रक्ताची गोळी? ‘नो मॅडम!’ मशीन? ‘नो मॅडम!’ त्यांच्या मागं बशीरभाई, फौजेत ट्रक चालवायचे. ‘नो मॅडम, नो मॅडम, नो मॅडम!’ त्यांनी तर प्रश्न पुरता ऐकलाही नाही. ओळीतल्या प्रत्येकाचं तेच, आणि प्रत्येकाचा आवाज आधीच्यापेक्षा मोठा. मॅडम हसून म्हणाल्या, ‘सांगलीत तिशीची माणसं ह्याच्यापेक्षा आजारी असतात.’ म्हातारे खूश झाले. त्यांना ती शाबासकी वाटली.

नानासोंना दोन सुया लागल्या आणि ते पांढरेफटक पडून खाटेवरच कलंडले. मॅडमनी झटक्यात सुया काढल्या, पाय वर उचलून धरले, साखरपाणी दिलं. डोळे उघडल्यावर विचारलं, ‘काका, सकाळी काही खाल्लं होतं का?’

‘नो मॅडम,’ नानासो पडल्यापडल्या म्हणाले. त्या दिवशी त्या हॉलमध्ये दिलं गेलेलं हे पहिलं खरं उत्तर. मॅडमनी कपाळावर हात मारला आणि मला पिटाळून सगळ्यांसाठी चहा-बिस्किटं मागवली.

मी चहा घेऊन आलो तोवर कॅप्टनसाहेबांच्या सुया निघाल्या होत्या, पण एका जागचं रक्त थांबेना. मॅडम कापूस दाबून बसल्या होत्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. ‘गोळी नाही ना चालू?’ ‘नो मॅडम!’ कॅप्टनसाहेब छताकडं बघत म्हणाले.

मग दाजींची पाळी आली. तीनदा ‘नो मॅडम’ झालं. माझ्याकडं बघायचंसुद्धा टाळलं त्यांनी. खाटेवर उताणे झाले, गुडघ्याखाली उशी आली, गुडघ्याभोवती सुया लागल्या, दोन्ही हातांवर अंगठ्याच्या बेचक्यात एकेक. चेहरा असा, की सुया शेजारच्या खाटेवरच्या माणसाला टोचतायत. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. सुयांवर भागलं.

तेवढ्यात मॅडमनी पिशवीतनं एक छोटा डबा काढला. त्याला बटणं, त्यातनं निघालेल्या तारा आणि तारांच्या टोकाला चिमटे. ‘काका, तुमचा गुडघा बराच जुना धरलेला आहे. सुयांना हलकासा करंट देऊ. मुंग्या आल्यासारखं वाटेल.’

पुण्याचा डॉक्टर डोळ्यांपुढं उभा राहिला, अक्का उभी राहिली. दाजींनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि डोळे असे वटारले की मी गप्पच बसावं.

मॅडमनी चिमटा उचलला. बाई कामाची पक्की. ‘काका, शेवटचं विचारते. छातीत मशीन वगैरे काही नाही ना?’

‘नो मॅडम!’

‘हाय!’ मी ओरडलो. ‘मॅडम, थांबा! हाय त्यांच्या छातीत मशीन!’

सगळा हॉल माझ्याकडं वळला. आणि हा माणूस, गुडघ्यात सुया असताना, अगदी शांतपणे म्हणतो, ‘मॅडम, त्याच्याकडं ध्यान देऊ नका. ह्यो आमचा मेव्हणा. अनफिट हाय.’

हॉल खो खो हसला. माझं टाळकंच सरकलं. तळव्यांवरनं ऐकून घेतलं ते घेतलं, पण आता हा माणूस मरायला निघालाय आणि त्यातही मलाच अनफिट म्हणतोय! अरे, माझ्या बहिणीचं कुंकू आहे ते, माळावरची शर्यत नव्हे!

मॅडम चिमटा हातात धरून एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होत्या. दाजी काहीतरी बोलायला उठून बसू लागले, तशा मॅडम कडाडल्या, ‘हलू नका! हाताला आणि गुडघ्याला सुया आहेत. जागच्या जागी पडा!’

आणि दाजी पडले. ऑर्डर ती ऑर्डर.

ते बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस माझ्यापुढं असा पडला होता की त्याला उठता येत नव्हतं, हात उगारता येत नव्हता आणि लाथही मारता येत नव्हती. मी खुर्ची ओढली, खाटेला लावली, आरामात बसलो आणि त्यांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं.

‘ज्योतिबा.’ आवाज एकदम खाली आला.

‘हलू नका, दाजी. सुई वाकंल.’

‘हात तोडीन तुझा.’

‘तोडा की. आधी सुया निघू द्या.’ मी दुसरं बटण काढलं.

‘दिवाळीला पाऊल टाकू नगंस घरात.’

‘अक्काची शपथ हाय मला. तिच्याशी भांडा.’ तिसरं बटण काढलं आणि बनियनची पट्टी बाजूला सारली.

डाव्या बाजूला आडवा वण आणि त्याच्याखाली तो काडेपेटीएवढा उंचवटा. मॅडमनी चिमटा खाली ठेवला, डबा बंद केला आणि पार पिशवीत टाकला. मग स्टुलावर बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

‘काका,’ त्या म्हणाल्या, ‘मी आता तार लावली असती. ह्या करंटनं ती मशीन गोंधळली असती, तर ठोका द्यायचा का थांबायचा ते तिला कळलं नसतं. काय झालं असतं ते मला इथं सांगावंसंही वाटत नाही.’ मग आवाज चढला. ‘मी ओळीत विचारलं. तार लावायच्या आधीही विचारलं! सुईनं माणूस सहसा मरत नाही हो, खोट्या उत्तरानं मरतो!’

दाजी छताकडं बघत होते. मग कॅप्टनसाहेबांनी घसा खाकरला.

‘मॅडम, मला ती रक्ताची गोळी हाय. दोन वर्षं झाली.’

‘मला दिसलंच ते,’ मॅडम म्हणाल्या.

‘मला साखर हाय,’ बशीरभाई म्हणाले. ‘आमच्या बायकोनं, साबेरानं, बजावून धाडलं हुतं, सांगा म्हणून. मी आधी न्हाई म्हणलो ते घरी कळवू नका फक्त.’

मग धरणाचं दार उघडावं तसं झालं. कुणाला स्टेंट, कुणाला आकडी, कुणाला एका कानानं ऐकू येत नव्हतं म्हणून त्याला प्रश्नच कळले नव्हते. जे सगळे मघाशी लोखंडाचे होते ते आता एकमेकांना आपापल्या गोळ्यांची नावं सांगायला लागले. त्यातही चढाओढ! ‘मला रोज सहा गोळ्या.’ ‘सहा? मला नऊ.’ मॅडमनी डोकं धरलं आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेतलं.

पण त्यात कुणीतरी मागनं दाजींना विचारलं, ‘उस्ताद, बॅटरी चार्जिंगला कुठं लावता?’ आणि हॉल पुन्हा हसला. जयराज म्हणून एकजण होते, त्यांचा नातू दाजींकडंच पळायला येतो, तेही हसले. दाजी हसले नाहीत. मॅडमनी एकेक सुई मोजून काढली, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचं काही नाही असं सांगितलं, तरी ते ‘येस मॅडम’सुद्धा म्हणाले नाहीत. तसेच उठले आणि उघड्या शर्टानं बाहेर चालायला लागले. लंगडत. ह्या खेपेला लपवलंही नाही.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. मघाशी बटणं काढताना मला मजा आली होती, खोटं कशाला बोलू? पण तो माणूस चारचौघांत असा मान खाली घालून चालताना मी कधी बघितला नव्हता. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट माळावर पोचणार होती, ते त्यांना कळत होतं आणि मलाही.

गाडीत ते माझ्या शेजारी बसले. शहर मागं पडलं, उसाचे ट्रॅक्टर लागले. थंडीचे दिवस होते, खिडकीतनं वारा थेट त्यांच्या छातीवर येत होता. त्यांनी बटण लावायला घेतलं. बटण काजात जाईना. दोनदा, तीनदा केलं, मग हात मांडीवर टाकला.

‘थांबव,’ म्हणाले.

मला वाटलं, उतरून चालत जातायत. मी गाडी कडेला घेतली.

‘लाव,’ त्यांनी शर्टाकडं बोट केलं.

मी वळून बटणं लावायला घेतली. ते समोर काचेतनं रस्त्याकडं बघत होते.

‘तिनं ती तार उचलली ना,’ ते म्हणाले, ‘तवा मी लय भ्यालो रं. पुण्याचा डॉक्टर काय म्हणला ते समदं आठवलं. सांगणारच हुतो. आता सांगतो म्हणलं मनात. आन् तोंडातनं भलतंच निघालं. माझं मलाच ऐकाय आलं, पण ते परत कसं घ्यायचं तेच कळंना. मग तुलाच नावं ठेवली.’

मी खालमानेनं पुढचं बटण काजात घातलं.

‘तू वरडला नसतास तर लीलाला आज काय नेऊन दिलं असतंस?’

मला रडू फुटलं. रस्त्याच्या कडेला, ट्रॅक्टरवाल्यांच्या देखत, पन्नाशीचा बाप्या मी, दाजींच्या शर्टाला धरून हुंदके देत होतो. दाजींनी थोडा वेळ तसंच रडू दिलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग खाली छातीकडं बघितलं.

‘रडतोस ते रड,’ म्हणाले, ‘पण बटण चुकीच्या काजात घातलंस. काढ आन् परत लाव.’

मी सगळी बटणं काढली आणि परत पहिल्यापासून लावली. तोपर्यंत त्यांनी हात काही काढला नाही.